सगोत्र शब्द

दुर्गाघाटाच्या गल्लीत शिरताना अजूनही आधी वास येतो आणि मग गल्ली दिसते. मोहरीच्या तेलात काहीतरी तळलं जात असतं, त्यात ओल्या दगडाचा, शेणाचा, शिळ्या झेंडूचा वास मिसळलेला असतो. या वेळी मी फार वर्षांनी गेले. गणपतीचं ते लहानसं देऊळ असेल की नसेल याची इतकी धास्ती होती, की घाटाच्या पायऱ्या चढताना मी मुद्दाम मध्येच थांबून एका नावाड्याशी गप्पा मारल्या. नसेल तर तेवढंच उशिरा कळू दे, असा माझा हिशेब. पण देऊळ होतं. त्याला लागून ओवरी होती, आणि ओवरीच्या भिंतीवर खिळ्याला ती काळी फळीही टांगलेली होती. मी हुश्श केलं, चपला काढल्या, आणि उंबरठ्यापाशी पाय आपोआप थबकले. या दारातून जुळणारा शब्द सांगितल्याशिवाय आत जायची मला सवयच नाही.

ती सवय आत्यानं लावली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही बनारसचे मराठी. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, आणि भांडण तापलं की अस्सल बनारसी. वडील रेल्वेत कारकून होते. आत्यानं बी.ए. केलं होतं, लग्न केलं नव्हतं, आणि या दोन्ही गोष्टींबद्दल नातेवाइकांना तिच्यापेक्षा जास्त काळजी होती. दुपारी ती या ओवरीत गल्लीतल्या मुलांना इंग्रजी शिकवायची. शाळेत इंग्रजी सुरू झालं की आमच्यातली निम्मी मुलं तिथेच गळायची, आणि ती गळू नयेत एवढीच तिची इच्छा होती.

ओवरी दिली होती नानांनी. नाना म्हणजे देवळाची पूजाअर्चा पाहणारे म्हातारे वैदिक, बोलायला कमी आणि ऐकायला तिखट. जागा देताना त्यांनी एकच अट घातली होती. दारात ज्या दिवशी तंटा येईल त्या दिवशी वर्ग बंद. आणि वर्ग बंद म्हणजे काय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जबलपूरला मोठ्या काकांचं घर मोठं होतं, तिथे हाताखाली कुणीतरी हवंच होतं, आणि आत्याला तिकडे पाठवायचं बोलणं दर दिवाळीला निघायचं. वर्ग आहे म्हटल्यावर ते तेवढ्यापुरतं मिटायचं. मी रात्री आत्याच्या कुशीत झोपायचे. तिच्या पदराला खडूचा आणि कापराचा वास यायचा. ती जबलपूरला गेली तर तो वास जाईल, एवढंच मला कळत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

सुरुवातीला ती पुस्तकातून शिकवायची आणि आम्ही दुपारच्या झोपेत माना डोलवायचो. मग कधीतरी तिनं पुस्तक मिटलं. जमिनीवर पळसाच्या पानांचे द्रोण मांडले, प्रत्येकात एकेका शब्दाची चिठ्ठी टाकली. चिंचोका फेकायचा, ज्या द्रोणात पडेल त्यातला शब्द वाचायचा आणि त्याची जोडी शोधून आणायची. कॅटची जोडी हॅट, बेडची जोडी रेड. जोड्या लागल्या की त्या मुलांनी हातात हात घालून उभं राहायचं. सगळं छान चाललं होतं, तोच नानांचा नातू बंडू जागचा हलेना. त्याच्या हातात हॅट होती, समोर कॅट घेऊन एक मुलगी उभी होती. आत्यानं विचारलं, काय झालं रे? तर हा वैदिकाच्या घरचा मुलगा अगदी कळवळून म्हणाला, "आत्या, दोघांचं शेवटचं सारखं आहे. म्हणजे हे सगोत्र. यांची जोडी कशी लावायची?"

दुसरी कुणी असती तर हसली असती. आत्यानं थोडा विचार केला आणि चूक कबूल केली. खरंच की, म्हणाली, सगोत्रात लग्न कसं होईल? मग हे नवरा-बायको नव्हेत, हे बहीण-भाऊ. त्या दिवसापासून आमच्या ओवरीत यमकं नव्हती, भावंडं होती. कॅटचं खटलं मोठं होतं, हॅट, मॅट, रॅट, बॅट, सगळी एकाच घरात नांदायची. ऑरेंजला मात्र कुणीच नव्हतं. आम्ही फार शोधलं. शेवटी आत्या म्हणाली, एकटी असली म्हणून काय झालं, गोड आहे ना? आणि ती चिठ्ठी तिनं आपल्या कमरेला खोचून टाकली.

पायऱ्यांचा खेळ त्यानंतरचा. घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं. आत्या एक शब्द द्यायची. त्याचं एकेक भावंड सांगितलं की एकेक पायरी उतरायची. ज्याला जास्त भावंडं सापडतील तो पाण्याजवळ पोचायचा आणि गंगेत हात बुडवून यायचा. उन्हाळ्यात नदी खूप खाली जायची, दगड तापलेले असायचे, आणि पाण्यापर्यंत पोचेल इतकं मोठं कुटुंब कुठल्याच शब्दाचं नसायचं. श्रावण-भाद्रपदात पूर चढला की खेळ सोपा व्हायचा. दोन-तीन शब्दांतच पायाला पाणी लागायचं आणि ढ मुलंही जिंकायची. पुराच्या पाण्याला मातीचा आणि कुजक्या गवताचा वास असतो. मला तो अजून जिंकल्याचा वास वाटतो.

कार्तिकात पंचगंगा घाटाच्या बाजूला बांबूच्या टोकांवर टोपल्यांतले आकाशदिवे चढायचे. दोरी ओढणाऱ्या माणसांच्या तालावर आम्ही लाइट, नाइट, ब्राइट म्हणत राहायचो, आणि ती माणसं वर बघायची सोडून आमच्याकडे बघायची. थंडीत धुकं इतकं दाट असायचं की नावा दिसायच्या नाहीत, नुसती वल्ह्यांची करकर यायची. सकाळी मातीच्या कुल्हडातला मलइयो मिळायचा, केशरी फेस नुसता, तोंडात घातला की नाहीसा. लांब पुलावरून गाडी गेली की ओवरीच्या जमिनीला बारीक थरथर कळायची आणि आत्या हात वर करायची. गाडी जाईपर्यंत सगळ्यांनी रेनची भावंडं म्हणायची. धडधड संपली की गप्प.

दाराचा खेळ एका लग्नातून आला. आमच्या नात्यात लग्न होतं, नवी सून उंबरठ्यावर आली आणि नणंदांनी दार अडवलं. नाव घे, मगच आत. बिचारीनं घाबरत उखाणा घेतला, शेवटचे शब्द जुळले, आणि दार मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी ओवरीच्या चौकटीला आत्यानं एक चिठ्ठी लावली आणि एका मुलीला दारात उभं केलं. जो येईल त्यानं चिठ्ठीवरच्या शब्दाचं भावंड सांगायचं, मगच उंबरठा ओलांडायचा. गल्लीतल्या भोजपुरी घरांतल्या मुलांना काही समजावावंच लागलं नाही. त्यांच्याकडेही नव्या वहिनीला घेऊन भाऊ आला की बहिणी दार अडवून बसतात. त्याला ते दुआर छेंकणं म्हणतात, आणि बहिणीला नेग म्हणजे मानाची भेट मिळाल्याशिवाय भाऊ आपल्याच घरात पाऊल टाकत नाही. दार धरायची पाळी रोज एकेकाची असायची. एकदा दूधवाला चुकून आत येऊ लागला तर त्यालाही थांबवलं होतं. तो गोट म्हणाला, शब्द होता डॉग. त्याला आम्ही परत पाठवलं.

आत्याला एका गोष्टीची खंत होती. फळा नव्हता. ती फरशीवर खडूनं लिहायची आणि संध्याकाळी गाभारा धुवायच्या आधी ओवरी धुवावी लागायची. तिनं घाटावरच्या एका नावाड्याकडून मोडक्या नावेची फळी आणली होती, पण तिची तिनं बाहेर टांगायला पाटी केली. निळ्या रंगावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत इंग्लिश क्लास. अक्षरं थोडी चढावर गेली होती. फळा नंतर करू, म्हणाली, आधी लोकांना कळू दे आपण इथे आहोत.

आणि मग ती थंडी आली, ज्या थंडीत शहरभर इंग्रजी पाट्यांवर डांबर फासलं गेलं. इंग्रजी हटवा म्हणत विद्यार्थ्यांचे घोळके फिरायचे. दुकानदार रातोरात पाट्या बदलायचे. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, यावर मोठी माणसं चहा गार होईपर्यंत बोलत बसायची. मला त्यातला आठवतो तो वास. धुक्यात डांबराचा वास वर जात नाही, गल्लीतच बसून राहतो.

वडिलांनी आत्याला सांगितलं की पाटी काढ, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. आत्या शांतपणे म्हणाली, "दादा, पाटी मी काढणार नाही. पोरांना वाटेल की आपण शिकतो ते लपवायचं असतं." वडील तिच्यावर फार चिडले. जबलपूरचं नाव त्यांनी काढलं नाही, पण ते खोलीत येऊन बसल्यासारखं झालं.

त्या दुपारी दार धरायची पाळी माझी होती. खिचडीचा सण, म्हणजे आपली संक्रांत, जवळ आला होता, छपरांवर पतंग उडत होते, म्हणून चिठ्ठीवर शब्द होता काइट. आमच्या गल्लीत माणसाच्या आधी त्याचा आवाज पोचतो. घोषणा ऐकू आल्या, मग जवळ आल्या, मग भिंतींवरून घुमून सगळीकडून येऊ लागल्या. देवळाचं दार दिवसा लावायचं नाही, असा नानांचा नियम होता. आत्या शिकवायची थांबली नाही. आवाजही हलला नाही तिचा. फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळून ती इतकं घट्ट ओढत होती की बोट पांढरं पडलं होतं. गाभाऱ्यात नानांचं गंध उगाळणं चालू होतं, तो आवाज बंद पडला.

आधी बाहेर पाटीवर कुंचा आपटल्याचा आवाज झाला, चपचप. मग त्यांच्यातला पुढारी दारात आला. उंच, गळ्यात गमछा, अंगात तपकिरी कोट. तो गंगेपलीकडच्या रामनगरचा होता, हे नंतर कळलं. त्याच्या मागे डांबराची बादली आणि बरीच डोकी. ओवरीच्या भिंतींवर आमचे इंग्रजी तक्ते होते, त्यांच्यासाठी ते आत येणार होते. मी दोन्ही हात चौकटीला लावून उभी होते. हात सोड, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी, सगळ्यांना सांगायचे तेच त्यालाही हिंदीत सांगितलं. तुक, म्हणजे यमक, जुळवा, मग आत या. आणि मानेनं चिठ्ठी दाखवली.

त्यानं चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हम अंग्रेजी ना बोलब, बिटिया," तो म्हणाला. "किरिया खइले हई." किरिया म्हणजे शपथ.

"तो फिर अंदर नहीं," मी म्हणाले. नियम तो नियम.

तेवढ्यात त्याच्या मागून कुणीतरी हळूच, सवयीनं, "लाइट" म्हणालं. सगळा घोळका त्या बिचाऱ्याकडे वळला. आणि मी, नियमाप्रमाणे, सांगितलं की तो एकटा आत येऊ शकतो. पहिल्यांदा आमची मुलं हसली, मग त्यांच्यातलीही. तो लाइटवाला मात्र कानापर्यंत लाल होऊन बादलीमागे लपला. पुढाऱ्यानं रागवायचा प्रयत्न केला, पण त्याला ते साधलं नाही. तो वाकला, माझ्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी ओळखीचं आलं. त्याच्याही घरी बहिणी असणार.

"दुआर छेंकले हऊ?" त्यानं विचारलं. "त नेग लेबू का?"

मी वळून आत्याकडे पाहिलं. आत्या पुढे आली आणि हिंदीत म्हणाली, बहिणीनं अडवलंय, जे द्यायचं असेल ते द्या.

त्यानं खिसे चाचपले, इकडेतिकडे पाहिलं. मग त्याची नजर पाटीवर गेली. त्याच्याबरोबरच्या पोरांनी तिच्यावर नुसते फराटे मारले होते, मधून इंग्रजी अक्षरं डोकावत होती. त्यानं कुंचा मागून घेतला आणि ती फळी या कडेपासून त्या कडेपर्यंत नीट, एकसारखी काळी केली. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. कोटाच्या बाहीला डांबर लागलं तरी थांबला नाही. काम झाल्यावर आत्याकडे बघून म्हणाला, "ला, श्यामपट हो गयल. अब एही पर पढ़ावा."

मग ते गेले. घोषणा पुढच्या गल्लीत गेल्या, त्याच्या पुढच्या गल्लीत गेल्या, आणि पुन्हा वल्ह्यांची करकर ऐकू येऊ लागली. मी तशीच हात पसरून उभी होते. आता खरी भीती होती ती नानांची.

नाना गाभाऱ्यातून बाहेर आले. बोटांना ओलं गंध. आम्ही सगळे खाली बघत होतो, आत्या मात्र त्यांच्याकडे बघत होती. ती स्वतःच म्हणाली, नाना, ते दारात आले होते. अट तिला पाठ होती आणि ती लपवाछपवी करणाऱ्यांतली नव्हती.

नानांनी बाहेर डोकावून त्या काळ्या फळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"दारात आले होते, पण तंटा कुठे आला?" ते म्हणाले. "नेग देऊन गेला तो पाहुणा. चालू द्या तुमचं."

आणि ते आत गेले. सहाणेवर गंध उगाळायचा आवाज पुन्हा सुरू झाला. तो आवाज ऐकला आणि माझे हात आपोआप खाली आले. मी भोकाड पसरलं. आत्या मला जवळ घेऊन हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आयुष्यात पुढे पुष्कळ सुटका झाल्या, परीक्षांतून, आजारांतून, काही माणसांतूनही. पण चंदन उगाळल्याचा आवाज ऐकला की छाती जशी मोकळी होते तशी कशानंच होत नाही.

डांबर बरेच दिवस चिकट राहिलं. त्यावर एक माशी चिकटली ती चिकटलीच. नानांनीच सुचवलं म्हणून गोवऱ्यांची राख चोळली, उन्हात ठेवली, पुन्हा चोळली. मग खडू उमटू लागला. आत्याला फळा मिळाला. त्यावर पहिला शब्द तिनं लिहिला लाइट, आणि लिहिताना तिला पुन्हा हसू फुटलं. वडिलांनी जबलपूरला कळवून टाकलं की इथे वर्गाला फळासुद्धा आला आहे, आता ती कशी येणार? आत्या जबलपूरला पुढे गेली ती लग्नकार्यांना, आणि परतीचं तिकीट काढून.

संक्रांत होऊन गेली, ऊन मवाळ झालं, तेव्हा तो पुन्हा आला. घोषणा नाहीत, बादली नाही. रामनगरहून नावेनं आला होता, धोतराचे काठ ओले होते. हाताला धरून एक लहान मुलगी. तिच्या अंगात तोच तपकिरी कोट, बाहीवर डांबराचा डाग, आणि बाह्या इतक्या लांब की हात दिसत नव्हते. बहीण आहे, म्हणाला, इथे बसेल का? त्या दिवशी पाळी बंडूची होती, पण पुढाऱ्याला पाहून मी बंडूला बाजूला सारलं आणि स्वतः दार धरलं. शब्द होता रेन.

ती मुलगी चिठ्ठीकडे बघत राहिली. तिला अक्षरही कळत नव्हतं. आत आत्या फळ्यापाशी खडू धरून उभी होती, तिनं काही सुचवलं नाही. तो क्षणभर नदीकडे बघत राहिला. मग उकिडवा बसला, तिच्या कोटाची बाही दुमडू लागला, आणि दुमडता दुमडता तोंड तिच्या कानाशी नेलं.

"टरेन," ती म्हणाली.

आत्यानं मान हलवली. मी हात खाली केले. तो उंबरठ्याबाहेरच राहिला. त्यानं शपथ मोडली असं आमच्यापैकी कुणालाही म्हणता आलं नसतं, आम्ही काहीच ऐकलं नव्हतं. मग रोज तिला सोडून वर्ग सुटेपर्यंत तो घाटाच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसून राहायचा. गाडी पुलावरून गेली आणि आम्ही एका सुरात भावंडं म्हणू लागलो की त्याचा पाय ताल धरायचा.

आत्या आता नाही. नाना तर केव्हाच गेले. फळीच्या कोपऱ्यातलं डांबर सुटलंय आणि खाली निळ्यावर पांढरं एक अक्षर दिसतंय, जरा चढावर गेलेलं. मी उंबरठ्याबाहेर उभी राहून ते बघत होते, इतका वेळ, की देवळातल्या बिऱ्हाडाची एक पोरगी बाहेर आली आणि आंटी, आत का येत नाही, म्हणून विचारू लागली. गुडघे दुखतात का?

मी म्हटलं, गुडघ्यांचं नाही गं, दार धरायला कुणी नाही. तिला ते काही कळलं नाही. पण सांगितलं तसे तिनं हात पसरून चौकटीला लावले. मग मी वाकले, आणि मला कुठला शब्द विचारायचा ते तिच्या कानात सांगितलं.

तिनं अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं. मी उत्तर दिलं, आणि तिनं हात खाली केले.